नऊ मीटर कुणाचे?

वोल्फ्सबुर्गला समुद्र नाही. आलर नावाची एक संथ नदी आहे, गावाला चिरत जाणारा मिटेललांड कालवा आहे, माणसाने खोदलेला आलरझे तलाव आहे, आणि कालव्याच्या उत्तरेला फोक्सवॅगनचा कारखाना आहे, वीजघराच्या चार उंच धुराड्यांसकट. हे गावच मुळी १९३८ साली कारखान्यासाठी वसवलं. वोल्फ्सबुर्ग हे नावही त्याला १९४५ मध्ये मिळालं. इथे जी मराठी माणसं भेटतात ती बहुतेक चाकणच्या वाटेने आलेली. चाकणचा प्रकल्प २००९ मध्ये सुरू झाला आणि पुणे-वोल्फ्सबुर्ग अशी एक पायवाटच पडली. कुणी सहा महिन्यांसाठी येतो, कुणी माझ्यासारखा राहून जातो.

फरक एवढाच की मी पुण्याचा नाही, हेदवीचा आहे. गुहागर तालुक्यात, बामणघळीच्या खडपांवर गरवत लहानाचा मोठा झालो. तंगूस, शिसं, गळ आणि कोळंबी, एवढ्यावर आमचं भागत असे. रॉड आणि रील हे प्रकार मी हातात धरले ते जर्मनीत, आणि तेही समुद्रापासून खूप आत. शिवाय इथे नुसती हौस पुरत नाही. मासेमारीची परीक्षा द्यावी लागते. माशांची ओळख, पाण्याचं शास्त्र, कायदा, गाठी, अवजारं असं सगळं त्यात येतं. मासा पकडल्यावर त्याला हाल न होता कसं मारायचं, हेसुद्धा येतं. हेदवीच्या माणसाला हे आधी गमतीचं वाटतं. पुस्तक उघडल्यावर गंमत संपते.

परीक्षेच्या तयारीच्या वर्गात मला आजोबा भेटले. आम्ही मराठी मंडळी आपसांत त्यांना आजोबाच म्हणतो. जर्मन ते नाहीतच, इटलीच्या पुल्या भागातल्या किनाऱ्यावरचे आहेत. वोल्फ्सबुर्गला इटालियन कामगार १९६२ पासून येऊ लागले. सुरुवातीची माणसं बर्लिनर ब्र्युके या पुलाजवळच्या लाकडी बराकींत राहिली. आजोबा त्यांच्या बऱ्याच नंतर, विशीत आले, प्रेस शॉपमध्ये राबले, निवृत्त झाले. समुद्रावरून उचलून कारखान्यात आणून ठेवलेला माणूस. त्यांनी मला आणि मी त्यांना लगेच ओळखलं म्हणायला हरकत नाही. ते त्या वर्गाला नातवाच्या सोबतीला येत आणि मागच्या बाकावर बसून शिकवणाऱ्याच्या गाठींना नाकं मुरडत.

मल्टिप्लायर रीलचा नाद मला त्यांनी लावला. जर्मन किनाऱ्यावर लाटांत मासे धरणारे बहुतेक सगळे मोठी फिक्स्ड स्पूल रील वापरतात. त्यात स्पूल जागेवर उभा राहतो आणि दोरी त्याच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटत जाते. गुंत्याची भीती कमी. मल्टिप्लायरमध्ये स्पूल आडवा असतो आणि शिसं उडालं की तो स्वतःच गरागरा फिरू लागतो. त्याला ताब्यात ठेवायला आत छोटे ब्रेक असतात आणि बाहेर तुमचा अंगठा. शिशाचा वेग कमी झाला आणि स्पूल मात्र तसाच पळत राहिला, तर दोरीचा असा काही गुंता होतो की तो सोडवत रात्र काढावी. मग हे लचांड कशाला? तर हातात ते फार नेटकं बसतं, दोरी सरळ येते-जाते, जड शिसं त्याला सोसतं. माझं रील आबू कंपनीचं जुनं अँबॅसेडर ६५०० आहे, जुन्या बाजारात मिळालेलं. स्वीडनमधल्या स्वेंग्स्टा गावात १९२१ साली ही कंपनी निघाली ती घड्याळांसाठी. पुढे त्यांनी टॅक्सीचे मीटर केले, आणि रील त्यानंतरची. मोटारींच्या गावात टॅक्सी-मीटरवाल्यांचं रील घेऊन फिरण्यात मला उगाचच बरं वाटतं.

आता शॉक लीडर. समुद्रावर १५० ग्रॅमचं शिसं फेकायचं तर मुख्य दोरी बारीक लागते, कारण जाड दोरी हवेत आणि पाण्यात अडते आणि स्पूलवर मावतही नाही. मी ०.३५ मिलिमीटरचं तंगूस वापरतो. पण फेकण्याच्या झटक्याला ते पुरत नाही. हिशेब साधा आहे. शंभर-सव्वाशे मीटर जाणारं शिसं हातातून सुटताना सेकंदाला ४५ मीटरच्या आसपास वेगात असतं, म्हणजे ताशी १६० किलोमीटर. हा वेग त्याला सहाएक मीटरच्या वळणात द्यायचा असतो. त्याला लागणारी सरासरी ओढ अडीच किलोवर जाते. ओढ मात्र सारखी नसते, वाकलेला रॉड शेवटच्या क्षणी सरळ होतो तेव्हा ती कित्येक पटींनी चढते. त्यात गाठीने दोरीची ताकद घटलेली, दोरी ओली, कुठे खरचटलेली. अशा वेळी तुटलेलं शिसं कुठे जाईल याचा नेम नसतो, आणि त्याच्या अंगात तेव्हा .२२ रायफलच्या गोळीइतकी ऊर्जा असते. म्हणून शेवटचा काही मीटरचा भाग जाड तंगूसाचा जोडतात. त्याची ताकद किती असावी याचा जुना इंग्रजी नियम आहे: शिशाच्या दर औंसाला दहा पौंड. १५० ग्रॅम म्हणजे पाच औंसांहून थोडं जास्त. मी ६० पौंडी लीडर घेतो, साधारण ०.६५ जाडीचा. यावर कुणाचं भांडण नाही.

भांडण लांबीवर. ब्राउनश्वाइगच्या एका दुकानदाराने मला शांतपणे सांगितलं, ‘नऊ मीटर.’ दुसरा म्हणाला रॉडच्या दुप्पट. तिसऱ्याने सरळ पंधरा मीटरचं पाकीट हातात ठेवलं. नऊ का, हे विचारल्यावर पहिला म्हणाला, सगळे नऊ घेतात. मी ज्या कारखान्यात काम करतो तिथल्या कँटीनच्या सॉसेजलाही पार्ट नंबर आहे, १९९ ३९८ ५०० ए. १९७३ पासून कारखाना ते स्वतः बनवतो. अशा ठिकाणी दिवस घालवणाऱ्या माणसाला ‘सगळे घेतात’ हे उत्तर पचत नाही. आजोबांना विचारलं तर ते म्हणाले, ‘आधी तुझं शिसं कुठे लोंबतं ते सांग, मग लांबी विचार.’

तेव्हा मोजायचं ठरवलं. वोल्फ्सबुर्गमध्ये शिसं फेकायला जागा शोधणं हेच एक काम आहे. तलावाकाठी माणसं असतात, कालव्यावर बोटी असतात. शेवटी फालर्सलेबेनच्या बाहेरच्या एका शेतकऱ्याने गहू कापल्यावर शेतात फेकायची परवानगी दिली. अट एकच, प्रत्येक शिसं उचलून न्यायचं. त्याच्या यंत्राच्या पात्याला लागलं तर मी भरून द्यायचं. ऑगस्टअखेरीच्या त्या शेतात, टोचणाऱ्या खुंटांवर, आम्ही फीत, लाल मार्कर आणि एक मोबाइल घेऊन उभे राहिलो. लीडरवर मीटरामीटरावर मी लाल खुणा केल्या. आजोबा खुर्ची टाकून बसले आणि त्यांच्या नातवाने बाजूने, अंतर राखून, फेकीचे संथ गतीचे व्हिडिओ घेतले.

माझा रॉड जवळजवळ १३ फुटी, म्हणजे ३.९० मीटर. रील बुंध्यापासून ७५ सेंटिमीटरवर. म्हणजे रीलपासून शेंड्याच्या रिंगेपर्यंत ३.१५ मीटर. हा आकडा रॉड घेतला त्याच दिवशी ठरून गेला, त्यात माझ्या हाती काही नाही. दुसरा आकडा शेंड्यापासून शिसं किती खाली लोंबतं त्याचा. डोक्यावरून साधी फेक करताना मी १.३० मीटर सोडतो. शिसं मागे जमिनीवर ठेवून अंग वळवून फेकायचं तर दोन मीटर लागतात. आणि आजोबांची तरुणपणची फेक, ज्यात शिसं लंबकासारखं पुढे-मागे झुलवून मग ओढायचं, तिला अडीच मीटरच्याही पुढे. तिसरा आकडा स्पूलवर उरणाऱ्या वेढ्यांचा. गाठ स्पूलवरच, वेढ्यांच्या खाली राहायला हवी. ती बाहेर रिंगांमध्ये आली की सगळा झटका बारीक दोरीला बसतो आणि लीडर लावला न लावला सारखाच.

वेढे किती, यावर सांगणारे सहा म्हणतात, आठ म्हणतात. इथे मला कॉलेजातलं जुनं सूत्र आठवलं. जर्मन अभियंते त्याला ऑयलर-आयटेलवाइन म्हणतात: एक गणिती, जो पंचवीस वर्षं बर्लिनमध्ये होता, आणि एक प्रशियन बांधकाम अभियंता. खुंटाला दोरीचे चार वेढे घालून एक माणूस जहाज कसं धरून ठेवतो, त्याचं गणित ते. वेढ्यांच्या घर्षणाने ओढ प्रत्येक वेढ्याला घटत जाते. ओल्या तंगूसाचं घर्षण अगदी कमी, ०.१ धरलं, तरी एका वेढ्याला ओढ जवळजवळ निम्मी होते. तीन वेढ्यांनंतर गाठीवर सहावा-सातवा हिस्सा पोचतो, सहांनंतर चाळिसाव्याहून कमी, आठांनंतर दीडशेवा. म्हणजे सहा पुरतात. आठ घ्यायचे ते एवढ्यासाठी की स्पूलवरचा खालचा थर काही पोलादी खुंट नसतो. तो मऊ असतो, जाड लीडर झटक्यात त्यात रुततो, वेढे सरकतात. मुख्य दोरी भरताना ओल्या फडक्यातून ताणून भरली तर हे रुतणं पुष्कळ कमी होतं. सैल भरलेल्या स्पूलवर बारा वेढेही बेभरवशाचे.

माझ्या भरलेल्या स्पूलचा घेर साधारण १२ सेंटिमीटर. आठ वेढे म्हणजे ९६ सेंटिमीटर, एक मीटर म्हणू. आता बेरीज करा. साध्या फेकीला ५.४५ मीटर, जमिनीवरून फेकायला ६.१५, लंबकी फेकीला पावणेसातच्या आसपास. नऊ कुठेच नाही.

पण नऊ निराधारही नाही. लीडरचं शिशाकडचं टोक वाळू आणि शिंपल्यांवर घासून खरबरीत होतं. बोटांच्या चिमटीतून ओढलं की कळतं. मग तेवढा तुकडा कापायचा आणि गाठ नव्याने मारायची. दर वेळी तीस-चाळीस सेंटिमीटर जातात. नऊ मीटर घेणारा सव्वादोन ते साडेतीन मीटर हे कापण्यासाठी उधळायला घेतो, एवढाच त्याचा अर्थ. दुकानदाराला हे माहीत नसावं, किंवा माहीत असून सांगायचा कंटाळा असावा. शेतातून निघताना मी ठरवलं ते असं की मीटर मोजायचे नाहीत, फेकायच्या पवित्र्यात उभं राहिल्यावर स्पूलवरचे वेढे मोजायचे. लीडर लाल घ्यायचा, म्हणजे अंधारात कपाळावरच्या दिव्यातही दिसतो. सहाच्या खाली आले की जुना लीडर काढून नवा.

वेढ्यांइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे गाठ स्पूलवर कुठे बसते. मल्टिप्लायर फेकताना उजव्या अंगठ्याने स्पूल दाबून धरलेला असतो, सगळा जोर त्या अंगठ्यावर. सोडला की लीडर त्याच्या खालून सुटतो आणि त्यामागोमाग गाठ. ती अंगठ्याच्या वाटेत असेल तर कातडी फाडून जाते. आमच्यातल्या एका पोराच्या अंगठ्याला असं भेगेसारखं कापलेलं मी पाहिलं आहे. मिठाच्या पाण्यात ते आठवडाभर मिटत नाही. माझ्या रीलला दोरी आपोआप सरकवणारी यंत्रणा नाही, ती काढलेली आहे. त्यामुळे गुंडाळताना डाव्या अंगठ्याने दोरी मी हवी तशी वळवतो. गाठ शेंड्याच्या रिंगेतून टिकटिक करत आत आली की तिला स्पूलच्या डाव्या कडेला नेऊन बसवायचं आणि पुढचे वेढे उजवीकडे शेजारी शेजारी मांडत जायचे. ०.६५ जाडीचे आठ वेढे जेमतेम अर्धा सेंटिमीटर जागा घेतात. अंगठ्याला मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालतो. ओल्या हाताने जाड, गुळगुळीत तंगूस धरून ठेवायला याच्याइतकं चांगलं काही नाही, आणि दुकानात मिळणाऱ्या महागड्या चामडी टोप्यांपेक्षा पकड जास्त.

गाठीबद्दल आजोबांशी माझं पटत नाही. ते शंकूसारखा निमुळता होत जाणारा लीडर वापरतात, पंधरा मीटरचा. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला मुख्य दोरीइतका बारीक. गाठ अगदी लहान होते, रिंगांतून सुळकन जाते. त्यांच्या हातात तो शोभतो. माझा आक्षेप असा की पाकिटावर मोठ्या अक्षरात छापतात तो जाड टोकाचा आकडा, आणि अंगठ्याखाली येतो तो पाच-सहा मीटरवरचा मधला भाग, जो तोवर किती बारीक झालाय ते पाकीट सांगत नाही. मायक्रोमीटर लावून बघावं. मी बघतो. काही लीडर त्या जागी पुरेसे जाड असतात, काही नसतात. आजोबांच्या मते मी मासेमार कमी आणि क्वालिटीवाला जास्त आहे.

वोल्फ्सबुर्गहून बाल्टिकचा किनारा अडीच-तीन तासांवर. ल्युनेबुर्गपर्यंत ऑटोबान जोडलेलाच नाही. गिफहोर्न, युल्त्सेन करत ट्रकांच्या मागे जावं लागतं. आम्ही बहुतेक दाहमेला जातो. उन्हाळ्यात आंघोळीच्या किनाऱ्यांवर गळ टाकायला मनाई असते, म्हणून खरा हंगाम थंडी पडल्यावर, आणि वेळ रात्रीची. तिपाईवर रॉड उभे, शेंड्याला चमकणाऱ्या कांड्या, आमिषाला वाटवुर्म नावाचे वाळूतले किडे. कोकणातल्या माणसाला चुकचुकतं ते म्हणजे इथे भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. पाणी वाऱ्याने चढतं, वाऱ्याने उतरतं. खारटपणही आपल्या समुद्राच्या निम्म्याहून कमी. मासे मिळतात ते फ्लाउंडरसारखे चपटे, आपल्या लेपांचे लांबचे नातेवाईक. पूर्वी लोक इथे कॉडसाठी येत. कॉड इतका घटला की २०१७ पासून हौशी मासेमारांना रोजची मर्यादा आली, २०२२ मध्ये ती एका माशावर आली आणि २०२४ पासून पश्चिम बाल्टिकमध्ये हौशी माणसाला कॉड पूर्ण बंद झाला. चुकून लागला तर सोडून द्यायचा. त्यामुळे आता माझ्या लीडरला माशाचं काही ओझं नसतं. अर्ध्या किलोच्या फ्लाउंडरला बारीक दोरीसुद्धा पुष्कळ. लीडर असतो तो शिशासाठी.

आणि म्हणून बाल्टिकवर तो आखूड हवा. कारण समुद्री गवत. शरद ऋतूत वादळ झालं की उपटलेलं गवत लांब काळ्या-तपकिरी पट्ट्यांनी किनाऱ्यालगतच्या पाण्यात तरंगत राहतं. दोरी ओढताना ते तिच्यावर चढतं आणि सरकत सरकत गाठीपाशी अडतं. तिथे त्याचा मुठीएवढा बोळा होतो. हा बोळा शेंड्याच्या रिंगेशी आला की थांबला. रील फिरवता येत नाही आणि मासा तुमच्यापासून बरोबर लीडरच्या लांबीइतका दूर लाटांत लोळतो आहे. लीडर सहा मीटरचा असेल तर चार पावलं मागे सरलं की मासा वाळूवर. दहाचा असेल तर अंधारात, पाठीमागे काय आहे ते न बघता, उलटं चालत सुटायचं, नाहीतर दुसऱ्याला ओरडून बोलवायचं आणि त्याने बर्फासारख्या पाण्यात हात घालून बोळा सोडवायचा. तिपाईला अडखळून पडलेली माणसं तिथे काही नवलाची नाहीत. गवताच्या दिवसांत मी साडेसहा मीटर लावतो आणि टोक कापायची पाळी आली की काटकसर न करता सरळ नवा घेतो. आजोबांच्या निमुळत्या लीडरवर गवत तेवढं अडत नाही, हे मला मान्य करावं लागतं. ते अर्थातच दर वेळी ऐकवतात.

सुट्टीत गावी जाताना एकदा हा रॉड-रीलचा संसार सोबत नेला. विमानतळावर रॉडच्या नळकांड्याकडे बघून काय काय विचारलं ते सोडून देतो. हेदवीला आतेभाऊ अजून खडपावर गरवायला जातो. त्याने रील उलटंसुलटं करून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: ‘दादा, ही मधे गाठ कशाला ठेवलीस?’ त्याची दोरी लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेली, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जाडीची, माझ्या लीडरहून जाड. हाताने शिसं गरगर फिरवून तो तीस-चाळीस मीटर टाकतो. तेवढ्यात त्याचं काम होतं, कारण खडपाखालीच मासा आहे. त्याच्या दोरीत सगळा लीडरच. लांबीचा प्रश्न त्याला पडायचं कारण नाही.

तिथे माझी शेतातली बेरीज कामाची नव्हती. जांभ्याचे आणि काळ्या खडकाचे ते खडप कालवांनी मढलेले असतात, प्रत्येक शिंपेला धार. तांबोशी किंवा हेकरू लागला की तो पहिल्याच हिसड्याला कपारीत घुसतो. दोरी खडकावर घासली जाते ती टोकाकडचे दहा-बारा मीटर, पाण्याखाली, तुम्हाला न दिसता. तेवढं सगळं जाड पाहिजे. शिवाय उभे राहतो ते पाण्यापासून दोन-तीन पुरुष उंचावर. मासा वर घेताना बारीक दोरी कडेवर आली की खेळ खलास. म्हणून हेदवीला मी बारा मीटर लावले. पण मग रीलचं गणित बदलतं. बारामधून रॉडचे आणि लोंबतीचे साडेचार वजा केले तर साडेसात मीटर स्पूलवर येतात, म्हणजे साठ-बासष्ट वेढे. ०.६५च्या जाडीने शेजारी शेजारी मांडले तर चार सेंटिमीटर, जवळजवळ अख्खा स्पूल एका थराने झाकला जातो. नीट मांडले तर गाठ डाव्या कडेला सुखात. घाईत एकावर एक चढवले तर फेकताना वेढे एकमेकांत अडकतात आणि स्पूल मधेच गचका खातो. गचका म्हणजे गुंता. भावासमोर तो झालेला बरा नव्हे, म्हणून मी फार सावकाश गुंडाळत होतो. तो म्हणाला, ‘तू विणतोयस की गरवतोयस?’

फेक मात्र छोटी होती, शिसं शंभर ग्रॅमचं, जोर अर्धाही नाही. बाल्टिकवर लीडर शिशाचा झटका झेलायला. हेदवीला झटका कमी आणि खडक जास्त. तोच रॉड, तेच रील, आणि लांबी जवळजवळ दुप्पट. दोन्ही ठिकाणी नऊ लावले असते तर दाहमेला गवतात अडकलो असतो आणि हेदवीला कालवांवर तुटलो असतो. आता माझ्याकडे दोन स्पूल आहेत, एकावर आखूड लाल, दुसऱ्यावर लांब. दुसरा वर्षभर कपाटात असतो.

गेल्या शरदात चाकणहून एक नवा मुलगा आमच्या विभागात आला. मालवणकडचा, घरी होडी आहे. जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन त्याने विचारलं, ‘सर, रॉड घेतलाय, परवान्याचंही झालंय. शॉक लीडर किती मीटर लावू?’ मी त्याला शनिवारी शेतावर यायला सांगितलं. येताना रॉड आण, रील आण, आणि फेकतोस कसा ते दाखव. त्याचा रॉड ४.२० मीटरचा निघाला. रील मल्टिप्लायर नव्हतं, मोठं फिक्स्ड स्पूल होतं. त्याचा घेर २२ सेंटिमीटर भरला, आठ वेढ्यांना पावणेदोन मीटर. रीलपासून शेंड्यापर्यंत ३.४०. शिसं तो जमिनीवर ठेवून फेकतो, जोर चांगला आहे, लोंबती दोन मीटरची. सव्वासातच्या जरा खाली बेरीज झाली. टोक कापायला पावणेदोन-दोन मीटर हवेत म्हणाला, कारण लीडर सारखा बदलायचा त्याला कंटाळा आहे. नऊ.

‘म्हणजे दुकानदार बरोबरच होता की सर!’

बरोबर होता. त्याच्यासमोर बहुधा असेच रॉड येत असावेत. आजोबा खुर्चीतून म्हणाले की पोराच्या पहिल्या बोटाला कव्हर हवं, मल्टिप्लायर असतं तर अंगठा वाचवावा लागला असता, इथे बोट. ट्यूबचा उरलेला तुकडा मी त्याला दिला. पुढच्या आठवड्यात तिघांनी दाहमेला जायचं ठरलं, वारा ईशान्येचा असला तर. वाटवुर्म गुरुवारपर्यंत दुकानात सांगून ठेवावे लागतात, शनिवारी ऐनवेळी गेलं तर उरलेले नसतात.